उभी आकृती कलंडलेली दिसते? माझा अनुभव

तैलचित्रात एका पायावर भार देऊन उभी असलेली बाई डावीकडे कलंडल्यासारखी दिसत होती. पावलं रुंद केली, जमिनीवरची सावली गडद केली, फरक शून्य. फार वैताग आला.

शेवटी चित्र आरशात पाहिलं. कल लगेच दिसला. मग कॅनव्हास सरळ उभा करून गळ्याच्या खाचेवरून वजन बांधलेला दोरा सोडला. असा दोरा भाराच्या पायाच्या आतल्या घोट्याजवळ यायला हवा. इथे तो दोन बोटं डावीकडे पडत होता. चेहऱ्याला हात न लावता तो पायच दोऱ्याखाली घेतला: ओला रंग पॅलेट नाइफने खरवडला, टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबरने, म्हणजे गडद तपकिरी रंगाने, नवी रेषा काढली. भाराच्या बाजूचं कंबरेचं हाड वर, त्याच बाजूचा खांदा खाली. दोरा पुन्हा लावून पाहिला, मगच रंग. साडीच्या चुण्या सगळ्यात शेवटी. त्या आधी रंगवल्या की खालचं शरीर चुकलेलं दिसतच नाही.