यामाहा आरएक्स १०० (टू-स्ट्रोक मोटारसायकल): घरीच पिस्टन-रिंग बदलताना
हेड-सिलिंडर उतरवलं की क्रँककेसचं (इंजिनच्या खालच्या भागाचं) तोंड आधी स्वच्छ फडक्याने बंद करा. सर्क्लिप (पिस्टनची पिन जागेवर धरणारी छोटी तारेची कडी) आत पडली तर अख्खं इंजिन खोलावं लागेल.

बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मूळचा ५० मिमी. ओरखडे नखाला लागत असतील तर नुसत्या रिंगांवर भागवू नका. रीबोअर करून (सिलिंडर आतून किंचित मोठा कापून) ओव्हरसाइझ पिस्टन घ्या आणि पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या) धारदार कडा हलक्या घासायला सांगा. हे वर्कशॉपवाले हमखास विसरतात! रिंग बोअरमध्ये सरळ सरकवून टोकांमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, साधारण ०.२ ते ०.३ मिमी.

पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. रिंगेची टोकं खाचेतल्या पिनेवरच आली पाहिजेत, नाहीतर सिलिंडर बसवताना रिंग तुटते. म्हणून ठोकू नका. टू-टी (2T, टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल लावून हातानेच सरकवा. सर्क्लिपा, गॅस्केट नवीच. हेडचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा.