हात नेमका कशानं दुखतोय, ते असं शोधा

परभणीत वीस वर्षं शिवणकाम करते. मे-जून म्हणजे शाळेच्या गणवेशांचा हंगाम. दिवसदिवस नुसतं कापड बेतायचं. अशाच एका जूनमध्ये रात्री उजवा हात बधिर होऊन जाग यायला लागली. झटकला की बरं वाटायचं. सासूबाईंनी ‘वात आहे’ म्हणत निरगुडीचा पाला शेकला. आराम पडायचा, पण सकाळी कात्री धरली की पुन्हा तेच.

आधी दुखतं कुठं ते बघा. अंगठा आणि त्याच्या जवळच्या दोन बोटांना मुंग्या येतात, करंगळी मात्र ठणठणीत, असं असेल तर बहुधा मनगटातली नस दाबली जातेय. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे झुकवलं आणि अंगठ्याच्या बुडाशी कळ आली, तर अंगठा हलवणाऱ्या स्नायूच्या दोरीवरचं (कंडरेवरचं) आवरण सुजलेलं असू शकतं.

मग पोरीला सांगा, मी काम करत असताना मोबाईलवर माझा दहा मिनिटं व्हिडिओ काढ. मी माझा बघितला आणि लाज वाटली. जमिनीवर बसून बेतत होते, त्यामुळं मनगट सतत वाकडं. वेळ वाचवायला चार-चार थर एकदम. आणि कात्री? बोथट! धार नसली की कात्री कापड कापत नाही, चावते, आणि सगळा जोर अंगठ्यावर येतो. तीच हालचाल, वर जोर, वर वाकडं मनगट, असं सगळं एकत्र आलं की हात बोलतोच.

धार लावली, दोनच थर घेतले, बेतायला कमरेइतकं उंच टेबल केलं. अर्धा तास बेतलं की मशीनवर बसते. विश्रांती म्हणून तुरपाई घेऊ नका हं. सुई चिमटीत धरली की तोच अंगठा राबतो. ही चूक मी महिनाभर केली.

हातातून वाटी निसटायला लागली किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग बसलेला दिसला, तर निरगुडी बाजूला ठेवून त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे जा. साखर आणि थायरॉईडही तपासा, त्यांच्यामुळंही ही नस लवकर दबते. मी सगळा दोष कात्रीला देत होते. माझी साखर तिथंच कळली.