पित्ताशय काढल्यानंतर वाढलेले नऊ किलो, आणि ते उतरवताना शिकलेलं खाणं

दुर्बिणीतून पित्ताशय काढलं तेव्हा माझं वजन ७० किलो होतं. त्याआधीचे चार महिने दुखण्याच्या धाकाने मी अर्धपोटीच जेवायचे, म्हणून ७६ वरून ते तिथवर उतरलं होतं. शस्त्रक्रियेनंतर सातव्या महिन्यात काटा ७९ दाखवू लागला. ‘पित्ताशय गेलं की वजन वाढतंच’ असं दोघी-तिघींनी सांगितलं आणि मी ते धरून बसले. मग एका वहीत पंधरा दिवस सगळं खाणं लिहून काढलं. तेलाच्या भीतीने मी जवळपास सगळी चरबी सोडली होती, आणि तिच्या जागी बिस्किटं, पाव, गोड दही, फळांचे रस आले होते. दुखणं थांबल्यामुळे भूकही परत आली होती. माझं वाढलेलं वजन ताटातूनच आलं होतं.

तुमचंही तसंच झालं असेल, तर आधी आत काय बदललंय ते नीट समजून घ्या. पित्तरस यकृतात बनतो, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर, आणि तो आताही बनतोच आहे. पित्ताशय त्यातला थोडा साठवायचं, पाणी शोषून दाट करायचं आणि चरबीचा घास आतड्यात उतरला की आकुंचन पावून एकदम सोडायचं. आता ती साठवण नाही. पित्तरस सतत थोडा थोडा आतड्यात झिरपत राहतो. त्यामुळे थोडी चरबी व्यवस्थित पचते, पण एकाच जेवणात भरपूर आली तर पोट फुगतं, मळमळतं, शौचास पातळ होतं. जास्तीचे पित्तक्षार, म्हणजे पित्तरसातले चरबी पचवायला मदत करणारे घटक, मोठ्या आतड्यात पोचले की तिथे पाणी सुटतं आणि जेवल्या जेवल्या धावावं लागतं.

इथे एक गल्लत टाळा. बोलण्यातलं ‘पित्त झालं’ म्हणजे जळजळ, आंबट ढेकर. ते जठरातल्या आम्लाचं काम. मी पहिले दोन आठवडे पातळ शौचावर आम्लपित्ताची गोळी घेत राहिले. तिचा काहीच उपयोग झाला नाही, कारण दुखणं वेगळंच होतं.

पहिला महिना: वजन बाजूला ठेवा

टाके भरत असताना वजन उतरवायचा विचारही करू नका. मऊ भात, उकडलेल्या भाज्या, केळं, साल काढलेलं सफरचंद, टोस्ट, आणि रोज थोडं प्रथिन: अंड्याचा पांढरा भाग, मासा, कोंबडीचा चरबी नसलेला तुकडा किंवा कमी स्निग्ध दही. चालणं मात्र डॉक्टर उठवतील त्या क्षणापासून सुरू करा. मी पहिल्या दिवशी खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारल्या, आठवड्याने वीस मिनिटं चालू लागले. शस्त्रक्रियेच्या वेळी पोट फुगवायला भरलेल्या वायूमुळे खांदा दुखतो, तोही दोन-चार दिवसांत ओसरतो. जड उचलणं आणि पोटाचे व्यायाम सर्जन सांगतील तेव्हाच. मला सहा आठवडे थांबायला सांगितलं होतं.

तेल सोडू नका, मोजा

चरबी पूर्ण बंद करणं ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं शरीरात जायला थोडी चरबी लागतेच. शिवाय चरबीशिवायचं जेवण पोटात टिकत नाही, तासाभरात हात डब्याकडे जातो. पण चरबीच्या एका ग्रॅममागे ९ कॅलरी असतात, पिष्ट पदार्थ आणि प्रथिनांच्या ४, म्हणून अंदाजाने ओतणंही चालत नाही.

मी दोन गोष्टी केल्या. फोडणीसाठी ५ मिलिलिटरचा चमचा ठरवला. असा एक चमचा तेल म्हणजे साधारण ४० कॅलरी. दुसरी गोष्ट, तेलाची नवी बाटली उघडली की तिच्यावर तारीख लिहायची. घरात आम्ही तिघं. आधी एक लिटर आठ दिवसांत संपायचं, म्हणजे माणशी रोज जवळपास ४२ मिलिलिटर, आठ चमच्यांहून जास्त. आता तीच बाटली चौदा दिवस जाते: माणशी २४ मिलिलिटर, पाच चमच्यांच्या आत. वहीत काही न लिहिता झालेला हा बदल मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला, कारण तो घरातल्या सगळ्यांच्या ताटात झाला आणि माझं वेगळं शिजवणं थांबलं. हे पाच चमचे दिवसभरात वाटले गेले पाहिजेत. सकाळी एक, दुपारी दोन, रात्री दोन असं मला झेपतं. दिवसभर कोरडं खाऊन रात्री एकदम सगळं खाल्लं तर रात्र वाईट जाते.

आणि चीज, सुकामेवा, अंड्याचा बलक यांतलीही चरबी चरबीच असते. ती धरूनच हिशेब करा.

‘थोडं थोडं, बऱ्याचदा’

हा सल्ला प्रत्येकाला मिळतो आणि तो योग्य आहे, पण तो अर्धाच ऐकला जातो. मी सात वेळा खायचे आणि सातही वेळा जवळजवळ जेवायचेच. आता सकाळीच दिवसाचं खाणं पाच डब्यांत वाटून ठेवते. पाचवा डबा संपला की दिवसाचं खाणं संपलं. नोकरीच्या ठिकाणी हे घरच्यापेक्षा सोपं जातं, कारण तिथे पातेलं समोर नसतं.

तंतू हळूहळू

ओट्स, सफरचंद, गाजर, कडधान्यं यांतले विरघळणारे तंतू पित्तक्षार धरून ठेवतात आणि पोटही भरलेलं ठेवतात. पण एकदम वाढवले तर वायू होतो. मी आठवड्याला एकच पदार्थ वाढवला. इसबगोल घेणार असाल तर पेलाभर पाण्यासोबतच, आणि औषधांच्या वेळेपासून लांब.

शौचाची तक्रार बहुतेकांची काही आठवड्यांत कमी होते. माझी तिसऱ्या महिन्यातही होती आणि मी लाजेपायी बोलले नाही. बोला. कोलेस्टिरामीनसारखी पित्तक्षार बांधून ठेवणारी औषधं यासाठीच आहेत. ती इतर औषधंही धरून ठेवतात, म्हणून दोन्हींत किती तासांचं अंतर ठेवायचं ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. रिकाम्या पोटी कॉफी मात्र मी स्वतःच सोडली. वहीत ती आणि त्रास कायम शेजारी शेजारी दिसायचे.

घाई नको

आता पित्ताशयच नाही तर पित्ताचे खडे कुठे होणार, असं समजून उपासमार करू नका. वजन झपाट्याने उतरलं की यकृत पित्तरसात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं, आणि खडे पित्तनलिकेतही होऊ शकतात. मी आठवड्याला अर्धा किलोची वरची मर्यादा ठेवली होती. प्रत्यक्षात त्याहून बरंच हळू गेलं: ७९ वरून ७१ ला यायला चौदा महिने लागले, त्यातले दोन महिने काटा हललाच नाही. वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी सकाळी करा. रोजच्या चढउतारात पाण्याचाच भाग मोठा असतो.

डोळे किंवा त्वचा पिवळी पडली, लघवी गडद आणि शौच फिकट मातकट झालं, थंडी वाजून ताप आला, पोटाच्या वरच्या भागात कळ थांबेना किंवा उलट्या आवरेनात, तर पथ्य सुधारत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सोडलेले पदार्थ परत आणताना एका वेळी एकच, थोडासा, आणि पुढचे दोन दिवस नवं काही नाही. मी आधी पूर्ण अंडं आणलं, मग शेंगदाणे, मग चीज. अंडं पहिल्याच दिवशी पचलं. चीज तीनदा नापास झालं आणि अकराव्या महिन्यात पास झालं, एक पातळ काप, दुपारच्या जेवणात, त्या जेवणातलं तेल एक चमच्याने कमी करून.