दोघंच प्रागला जाताय? एप्रिल-मेचं प्लॅनिंग असं करा

सगळ्यात आधी एक ठरवून टाका, फक्त प्राग. आपल्याकडे युरोप म्हटलं की लगेच यादी सुरू होते, व्हिएन्ना पण करू, बुडापेस्ट तर जवळच आहे, मग जाताजाता स्वित्झर्लंड का नको, आणि आठ दिवसात पाच शहरं होतात. घरच्या सगळ्यांना घेऊन जाताना ते समजू शकते मी, पण दोघांनीच जायचं असेल तर रोज सकाळी बॅगा भरण्यात आणि स्टेशनं शोधण्यातच चिडचिड होते. आम्ही लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला गेलो, लेकीला आजीकडे ठेवून, आणि पाच रात्री एकाच शहरात राहिलो. इतक्या वर्षांत सलग एवढ्या गप्पा झाल्या नव्हत्या. म्हणून मनापासून सांगते, चार-पाच रात्री एका जागी काढा.

आता कधी जायचं. फुलं बघायची असतील तर साधारण एप्रिलचा दुसरा-तिसरा आठवडा, तेव्हा पेत्रशीन टेकडीवर चेरी आणि बाकीची फळझाडं बहरतात, पण थंडी जास्त टिकली तर बहर पुढे सरकतो, त्यामुळे तारखेची हमी कोणीच देऊ शकत नाही. एप्रिलमध्ये दुपारी चौदा-पंधरा डिग्री आणि सकाळी चार-पाच, म्हणजे आपल्या हिशोबाने चक्क थंडीच. तिकडे म्हणच आहे, मार्चमध्ये शेगडीमागे शिरू आणि एप्रिलमध्येही तिथेच असू! मे मात्र सुखाचा, झाडं हिरवीगार, चेस्टनटला पांढऱ्या फुलांचे तुरे, आणि सूर्य मावळतो साडेआठच्या आसपास, त्यामुळे संध्याकाळ संपतच नाही. माझं मत विचाराल तर एप्रिलचा शेवट आणि मेचा पहिला आठवडा, त्याचं कारण पुढे सांगते. ईस्टर त्या दिवसात येत असेल तर शहराच्या मधोमध असलेल्या जुन्या चौकात बाजार भरतो, रंगवलेली अंडी, लाकडी खेळणी, छान असतो पण हॉटेलं महाग होतात आणि गर्दी प्रचंड.

व्हिसा शेंगेन लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, म्हणजे फक्त प्राग केलंत तर सरळ चेक प्रजासत्ताकाचा. फी ९० युरो, वर सेंटरचा सर्व्हिस चार्ज, आणि इन्शुरन्स किमान ३०,००० युरो कव्हरचा हवा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीमुळे मार्च-एप्रिलमध्ये अपॉइंटमेंटसाठी मारामार असते, तेव्हा मेमध्ये जायचं तर जानेवारीतच कामाला लागा. विमान मुंबईहून दुबई, दोहा किंवा इस्तंबूलला बदलून जातं. जर्मनीत राहणाऱ्या आपल्या लोकांना तर सोपंच आहे, ड्रेस्डेनहून ट्रेनने अडीच तास, आणि तो रस्ता नदीच्या काठाकाठाने जातो, खिडकीतून नजर हटत नाही.

राहायचं कुठे यावर जास्त विचार करा, बाकी कशापेक्षाही. जुन्या चौकाजवळ राहिलात तर सगळं पायाखाली, पण रात्री उशिरापर्यंत पिऊन आरडाओरडा करणारे ग्रुप फिरत असतात, झोप होत नाही. चार्ल्स ब्रिजच्या पलीकडचं माला स्ट्राना म्हणजे किल्ल्याखालचा भाग, शांत, जुनी घरं, रात्री पिवळे दिवे, पण महाग. आम्ही विनोह्रादीला राहिलो, तिथे प्रागचीच माणसं राहतात, रुंद फुटपाथ, झाडं, कोपऱ्यावर बेकरी, आणि मेट्रोने दोन-तीन स्टेशनं की तुम्ही मध्यात. तिथल्या नामेस्ती मीरु स्टेशनचा सरकता जिना ८७ मीटर लांब आहे, खाली पोचेपर्यंत एक अख्खा विषय बोलून होतो. एअरपोर्टवरून टॅक्सीची गरज नाही, ५९ नंबरची ट्रॉलीबस पकडून नाद्राझी वेलेस्लावीनला उतरायचं, तिथून हिरवी मेट्रो. कागदी तिकीट घेतलंत तर पिवळ्या मशीनमध्ये शिक्का मारायला विसरू नका, नाहीतर तिकीट असून दंड.

आणि आता खरी गोष्ट. प्राग रोमँटिक आहे की नाही हे तुम्ही किती वाजता बाहेर पडता त्यावर आहे. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच चार्ल्स ब्रिजवर पाय ठेवायला जागा नसते, सेल्फी स्टिक, छत्री धरलेले गाईड, धक्के. तोच पूल पहाटे साडेपाच-सहाला बघा. मेच्या सुरुवातीला साडेपाचच्या सुमारास उजाडतं, व्ल्टावा नदीवर धुक्याची पातळ साय असते, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे काळे काळे उभे, आणि पुलावर जेमतेम दहा-पंधरा माणसं. हा पूल चौथ्या चार्ल्स राजाने बांधायला घेतला, आणि असं सांगतात की ज्योतिषांनी मुहूर्त काढून दिला होता, १३५७ साल, ९ जुलै म्हणजे ९-७, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटं, सगळे आकडे ओळीत लिहिले की १३५७९७५३१, उलटसुलट सारखेच! मुहूर्त बघून काम सुरू करणारी माणसं म्हटल्यावर मला तर एकदम घरचीच वाटली. पहाटे उठायचा कंटाळा येतो मान्य, पण आपल्या शरीराचं घड्याळ तेव्हा साडेतीन तास पुढे असतं, पहिले दोन दिवस जाग लवकर येतेच, तेच दिवस वापरून घ्या.

पुलावरून तसेच पलीकडे कांपा बेटावर जा, बाकावर बसा, सोबत थर्मास असेल तर उत्तम. किल्ल्याची अंगणं सकाळी सहाला उघडतात आणि त्यांना तिकीट नाही, आतली दालनं नऊनंतर. चढ नको असेल तर २२ नंबरच्या ट्रामने वर जाऊन नेरुदोवा रस्त्याने चालत खाली या, उलट करू नका. सेंट व्हिटस कॅथेड्रलचं काम १३४४ ला सुरू झालं आणि १९२९ ला संपलं, आत म्यूखा या चेक चित्रकाराने केलेली रंगीत काचेची खिडकी आहे, सकाळचा उजेड त्या काचांतून आला की बोलणं आपोआप थांबतं. तिथे गाईडचं ऐकत बसू नका, नुसतं उभं राहा.

दुपारी गर्दीपासून पळायला बागा. माला स्ट्रानात वाल्डस्टाइन पॅलेसची बाग, फुकट, आणि तिथे मोर फिरतात. व्रत्बा बागेला तिकीट आहे पण उतारावरची टप्प्याटप्प्याची बाग आहे, वरून लाल कौलं आणि हिरवे घुमट दिसतात, द्या ते पैसे. दोन्ही साधारण एप्रिलपासून उघडतात म्हणून मार्चमध्ये जाणाऱ्यांनी आधी चेक करा. नॅशनल थिएटरजवळच्या बेटावरून पेडलच्या बोटी मिळतात, हंसाच्या आकाराच्या पण असतात, संध्याकाळी पाचनंतर घ्या, ऊन तिरपं होतं आणि किल्ला समोर. मग दुपारची झोप सुद्धा प्लॅनमध्ये लिहून ठेवा, खरंच.

तर १ मेचं कारण. आपल्याकडे महाराष्ट्र दिनाची सुट्टी, तिकडेही सुट्टी, आणि त्या दिवशी चेक लोकांची प्रथा आहे की बहरलेल्या झाडाखाली, शक्यतो चेरीच्या, बायकोचं किंवा प्रेयसीचं चुंबन घ्यायचं, म्हणजे ती वर्षभर सुकत नाही. पेत्रशीनवर कारेल हिनेक माखा या कवीचा पुतळा आहे, १८३६ साली त्याची 'माय' (म्हणजे मे महिना) नावाची प्रेमकविता आली, तिची सुरुवातच १ मेच्या संध्याकाळपासून होते. त्याच वर्षी तो वारला, पंचवीसचा होता, लग्न काही दिवसांवर आलं होतं. लोक त्याच्या पायाशी फुलं ठेवतात, जोडपी रांगेने थांबतात, त्यात सत्तरीतली आजी-आजोबा पण होते आणि त्यांना बघून मला भरून आलं. आपल्याला चारचौघात असं काही करायची सवय नाही, आम्ही पण आधी इकडेतिकडे बघत होतो, पण तिथे कोणी कोणाकडे बघत नाही हो. बहर संपत आला असला तरी एखादं झाड सापडतंच. वर १८९१ चा टॉवर आहे, छोटा आयफेल म्हणा, २९९ पायऱ्या.

संगीताची आवड असेल तर १२ मेला प्राग स्प्रिंग महोत्सव सुरू होतो, १९४६ पासून, स्मेताना या चेक संगीतकाराच्या पुण्यतिथीला त्याच्याच रचनेने. तिकिटं लवकर संपतात. नाहीतर ज्या एस्टेट्स थिएटरमध्ये १७८७ ला मोझार्टच्या डॉन जिओव्हानीचा पहिला प्रयोग झाला तिथे आजही ऑपेरा होतात, वरच्या गॅलरीची स्वस्त सीट घ्या. रस्त्यावर जुन्या पोशाखात तिकिटं विकणारे असतात त्यांच्याकडून नको.

खाणं. शाकाहारी लोकांनी घाबरू नका पण तयारीने जा. स्माझेनी सीर म्हणजे तळलेलं चीज, बटाट्याबरोबर, सगळीकडे मिळतं. बटाट्याचं थालीपीठ वाटावं असं ब्राम्बोराक मिळतं, त्यात लसूण असतो, आम्ही तीन वेळा खाल्लं. फळं भरलेले क्नेडलीक, म्हणजे उकडलेले पिठाचे गोळे, तर मागवाच. सूपमध्ये मांसाचं पाणी असू शकतं, "बेझ मासा" म्हणजे मांसाशिवाय, एवढं पाठ करा, आणि दुकानात शिरताना "दोब्री देन" म्हणजे नमस्कार, चेहरे लगेच बदलतात. चौकात फिरत्या दांड्यावर भाजतात ते त्र्देलनीक खा हवं तर, पण ते काही तिथलं जुनं पक्वान्न नाही. रात्रीचं जेवण नेहमी चौकापासून तीन-चार गल्ल्या लांब.

पैसे कोरुनामध्ये. आम्ही चौकातल्या एका एक्स्चेंज काउंटरवर शून्य कमिशनची पाटी बघून शंभर युरो दिले आणि हातात फार कमी आले, रेटच भयंकर होता. नंतर हॉटेलवाल्या काकूंनी सांगितलं की तीन तासांच्या आत पावती घेऊन गेलं तर व्यवहार रद्द करता येतो, तसा कायदाच आहे, गेलो आणि पैसे परत मिळाले. म्हणून पावती फेकू नका. कार्ड सगळीकडे चालतं, मशीनने रुपयात कापू का विचारलं तर नाही म्हणा, कोरुनाच निवडा. ८ मेला आणि ईस्टरच्या सोमवारी मोठी दुकानं बंद असतात, दूध-ब्रेड आदल्या दिवशी आणा. आणि दगडी रस्ते आहेत सगळे, हील्स घरी ठेवा, फोटोसाठीसुद्धा नकोत.

संध्याकाळी एक दिवस रीग्रोवी सादी, विनोह्रादीतलीच बाग, गवतावर चादर टाकायची आणि सूर्य किल्ल्याच्या मागे जाताना बघायचा. शेवटची संध्याकाळ मात्र विशेहरादसाठी ठेवा. नदीवरचा जुना कोट आहे, टुरिस्ट कमी, तटावरून चालत फिरता येतं. तिथल्या स्मशानभूमीत संगीतकार द्वोर्झाक आहे, स्मेताना आहे आणि आपला माखाही, त्याला १९३९ साली इथे आणलं. पेत्रशीनवर त्याच्या पायाशी उभं राहिलेलं असलं की इथे दोन मिनिटं थांबावंसं वाटतं, स्मशानभूमीचं दार लवकर बंद होतं म्हणून आधी ते उरका आणि मग तटावर बसा. अंधार पडायला लागला की खाली उतरून वितोन्यला १७ नंबरची ट्राम घ्या, शहराकडे जाणारी, आणि डावीकडची खिडकी पकडा. नदी सगळी त्या बाजूला असते आणि दिवे लागलेला किल्ला हळूहळू समोर येतो.