हँडलवर लोंबकळू नका: मॉर्टायझरची जुळणी आणि चिझलची धार

मॉर्टायझरच्या, म्हणजे लाकडात चौकोनी खाच पाडणाऱ्या मशीनच्या, हँडलला कुणी दोन्ही हातांनी लोंबकळताना दिसलं की मला माझी पहिली १२ मिमीची चिझल आठवते. नवीकोरी होती. डब्यातून काढली, मशीनला लावली आणि थेट टेबलाच्या पायात घुसवली. चौथ्या भोकाला धूर, सहाव्याला कान किटवणारी किंकाळी, सातव्याला ‘टक्’. बाहेर काढून बघतो तर भुसा बाहेर पडायच्या खिडकीपासून टोकापर्यंत उभी चिरलेली आणि टोक निळं-जांभळं. लाकूडच खराब होतं असं मी पुढे आठवडाभर भेटेल त्याला सांगत होतो. लाकूड बिचारं चांगलं होतं. चिझलला धार नव्हती आणि आतलं गिरमिट तिला घासत होतं, एवढाच मामला.

या मशीनमध्ये दोन हत्यारं एकाच वेळी चालतात. आत फिरणारं गिरमिट गोल भोक पाडतं आणि त्याच्याभोवतीची पोकळ चौकोनी चिझल न फिरता, नुसत्या दाबाने कोपरे कापते. चौकोनात बसणारं वर्तुळ त्या चौकोनाची सुमारे ७८ टक्के जागा घेतं. राहिलेले २२ टक्के चार कोपऱ्यांत असतात आणि ते काम तुमच्या हाताच्या जोरावर होतं. १२ मिमीच्या चिझलला चारही बाजू मिळून ४८ मिमी धार असते. एवढ्या रुंदीची बोथट पटाशी तुम्ही हाताने लाकडात दाबली असती का? इथे हँडल लांब असतं, म्हणून आपण दाबतो, आणि फसतो.

आता जुळणी. मशीनची विजेची पिन काढून ठेवा, हे पहिलं. चिझल बुशात, म्हणजे तिला धरणाऱ्या नळीत, सरकवा, पण पूर्ण वर नेऊ नका. चिझलचा खांदा आणि बुश यांच्यामध्ये पत्र्याची एक पट्टी धरा; ६ ते १० मिमीच्या चिझलला १ मिमी जाडीची, १२ च्या पुढे दीड ते दोन मिमीची. पट्टी अडकलेली असतानाच चिझलचा स्क्रू हलका आवळा. मग खालून गिरमिट घाला, त्याचं रुंद तोंड चिझलच्या टोकाला टेकेपर्यंत वर दाबा आणि गिरमिट पकडणारा चक आवळा. चकच्या चावीला तीन भोकं असतील तर तिन्ही भोकांतून आवळायचं, एकातून नाही. शेवटी चिझलचा स्क्रू सैल करून पट्टी काढा, चिझल बुशाला भिडेपर्यंत वर ढकला आणि स्क्रू पुन्हा आवळा. पट्टीच्या जाडीएवढी फट आपोआप राहते. चक हाताने फिरवून बघा. कुठेही करकर आली तर मशीन चालू करायचं नाही.

ही फट फार कमी झाली तर गिरमिटाचं तोंड चिझलच्या धारेवर घासतं. पोलाद तापून निळं पडतं, म्हणजे तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलेलं असतं, आणि तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतो. मग तिथे धार टिकत नाही. फट फार जास्त झाली तर लाकडाचे मोठे तुकडे चिझलच्या पोटात शिरतात आणि तिथे ठासून बसतात. माझी चिझल फुटली ती दोन्ही कारणांनी: आधी घासून तापली, मग भुसा गच्च भरला. ती मी फेकली नाही. उभी चिरल्यामुळे आत गिरमिट कसं बसतं ते उघडं दिसतं, शिकायला येणाऱ्या पोरांना तीच हातात देतो.

चिझलच्या अंगावरची खिडकी, म्हणजे भुसा बाहेर पडायची फट, डावीकडे किंवा उजवीकडे ठेवा. समोर किंवा मागे नाही. समोर-मागे ठेवली की ती खाचेच्या भिंतीला चिकटते आणि भुशाला वाट उरत नाही. खाच ज्या बाजूने आधीच कोरून झाली आहे, त्या बाजूला खिडकीचं तोंड असलं की भुसा मोकळ्या जागेत पडतो.

चिझल फेन्सला, म्हणजे लाकूड ज्याला टेकवतो त्या पट्टीला, समांतर आहे का, हे डोळ्यांनी ठरवू नका. छोटा गुण्या फेन्सला टेकवून चिझलच्या बाजूच्या सपाट अंगाला लावा, मध्ये कागदाचा कपटा धरा. कागद वरपासून खालपर्यंत सारखा अडकायला हवा. तरीही खरी परीक्षा लाकडावरच होते: एका फालतू तुकड्यात चार भोकं सलग पाडा. भिंतीला करवतीच्या दात्यांसारख्या पायऱ्या आल्या तर चिझल फिरलेली आहे. स्क्रू जरा सैल करा, केसभर फिरवा, पुन्हा बघा. मला अजूनही दोन-तीन वेळा करावं लागतं, त्यात कमीपणा नाही. टेबलावर गुण्या उभा करून चिझल दोन्ही दिशांनी ओळंब्यात आहे का तेही बघून घ्या.

आता धार. नवी चिझल धारदार येते, असं समजणं ही सगळ्यात महागडी चूक. बहुतेक नव्या चिझलांच्या बाहेरच्या अंगावर घासकामाचे ओरखडे असतात आणि आतला उतार खडबडीत असतो. तुमच्या नव्या चिझलच्या तोंडात बारीक टॉर्च मारून बघा. धारेवर कुठेही पांढरी चमक दिसली तर तिथे धार नाही. खऱ्या धारेवर उजेड थांबत नाही.

आतला उतार घासायला निमुळता शंकू लागतो, हिऱ्याच्या लेपाचा किंवा पोलादी कटरचा. त्याच्या पुढची गोल खुंटी चिझलच्या भोकात बेताची बसली पाहिजे. सैल बसली की शंकू तिरका चालतो आणि एकच बाजू जास्त खातो. शंकूचा उतार चिझलच्या उताराशी जुळतो का, ते कळायला एक साधी युक्ती आहे: आतला उतार काळ्या मार्करने रंगवा आणि शंकू हलक्या हाताने दोन फेरे फिरवा. शाई धारेपासून आतपर्यंत सगळीकडून सारखी गेली तर जमलं. फक्त आतल्या टोकाकडून गेली तर शंकू धारेपर्यंत पोहोचतच नाही, नुसती मेहनत वाया.

चिझल तोंड वर करून लाकडी जबड्यांच्या वाइसमध्ये धरा. थेंबभर तेल घाला. शंकू हाताने, किंवा हाताच्या ड्रिलने अगदी सावकाश फिरवा. विजेच्या ड्रिलचा मोह टाळा. दोन सेकंदांत धार तापते आणि मग वर लिहिलेली निळी कहाणी पुन्हा घडते. पाच-सहा फेऱ्यांनंतर बाहेरच्या अंगावरून नख खालून वर, धारेकडे न्या. टोकाशी बारीक कड अडकली, म्हणजे आतून घासलेलं पोलाद धारेवरून बाहेर वळलं आहे. त्याला बर म्हणतात. चारही बाजूंना बर जाणवेपर्यंत थांबायचं नाही, जाणवल्यावर एकही फेरा जास्त मारायचा नाही. कोपऱ्यांकडे खास लक्ष द्या. आतला उतार शंकूसारखा आणि बाहेरचं अंग चौकोनी, म्हणून चारही कोपरे सुळ्यांसारखे पुढे आलेले असतात आणि लाकडात आधी तेच घुसतात. कारखान्यातून कोपऱ्यांत आतून खाच दिलेली असेल, तर बारीक त्रिकोणी कानशीने तीही एकदा साफ करा.

बाहेरून मात्र हात आखडता घ्या. १००० नंबरच्या सपाट दगडावर चिझल आडवी ठेवून प्रत्येक बाजूला दोन-तीन हात, बर जाईपर्यंत, बस. टोक जरासुद्धा उचलायचं नाही. चांगल्या चिझला टोकाशी केसभर रुंद असतात, म्हणून वरचं अंग खाचेत अडकत नाही. बाहेरून घासत बसलात तर ती रुंदी जाते, चिझल लाकडात चिकटते आणि खाचही तिच्यात बसणाऱ्या कुसूपेक्षा लहान पडते. नव्या चिझलचे ओरखडे काढायला पहिल्या वेळी थोडं जास्त घासावं लागतं, तेवढंच.

गिरमिटाला विसरू नका, सगळे विसरतात. त्याच्या तोंडाला एक नख असतं, ते वर्तुळ आखतं. आणि एक ओठ असतो, तो लाकूड उचलतो. नखाला फक्त आतून कानस लावा. बाहेरून लावली की भोक लहान पडतं आणि राहिलेलं लाकूड कापायचा भार चिझलवर येतो. ओठाला वरच्या, म्हणजे दांड्याकडच्या बाजूने घासा. चार हात पुरतात. दोन टेबलांच्या पायांच्या १६ खाचा झाल्या की मी दोन्ही हत्यारं काढून एकदा हात फिरवतो. लाकूड कठीण असेल तर आठ खाचांनीच.

लाकूड कोरतानाही एक क्रम आहे. आधी खाचेची दोन्ही टोकं, मग मध्ये जागा सोडत सोडत भोकं, आणि शेवटी मधले राहिलेले पडदे. एकाला लागून दुसरं भोक पाडत गेलात तर चिझलला एका बाजूला लाकूड आणि दुसऱ्या बाजूला पोकळी मिळते. ती पोकळीकडे झुकते, खाच तिरकी होते आणि बारीक चिझल वाकतेसुद्धा. म्हणून सोडायचा पडदा चिझलपेक्षा थोडा अरुंद ठेवा, म्हणजे तो काढताना दोन्ही बाजू सारख्या मोकळ्या असतात. कोरताना चिझल मधूनमधून वर उचला, भुसा बाहेर पडू द्या. चिझल वर येताना लाकूडही सोबत उचलतं, म्हणून वरची दाबपट्टी लाकडाला जेमतेम टेकलेली असावी. लाकूड सरकलं पाहिजे, उठता कामा नये. चिझलच्या बाहेरच्या अंगावर मेणाचा तुकडा फिरवला की वर ओढायचे कष्ट कमी होतात.

आरपार खाच असेल तर अर्ध्यापर्यंत एका बाजूने कोरा आणि लाकूड उलटताना फेन्सला लागणारी बाजू तीच ठेवा. त्या बाजूवर आधीच पेन्सिलने फुली मारून ठेवा. मी एकदा मारली नव्हती. दोन्ही बाजूंच्या खाचा मधोमध दीड मिमी चुकल्या आणि तो पाय स्टुलाला वापरावा लागला.