हौशी ऑर्केस्ट्रा: स्टेजवर चढण्याआधी या चुका टाळा

भाद्रपद जवळ आला की परभणी, लातूर, नांदेड, जालना, कुठल्याही शहरात संध्याकाळी एखाद्या गच्चीवरून, नाही तर अर्धं शटर ओढलेल्या दुकानातून कीबोर्ड आणि ढोलकीचा आवाज यायला लागतो. गणपती, १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन, नवरात्र, कोजागरी, मग गॅदरिंगचे दिवस आणि एप्रिलमध्ये भीमजयंती. शिक्षक, बँकेतले, मेडिकलवाले, मोंढ्यात हिशेब लिहिणारे असे लोक दिवसभराचं काम उरकून जमतात आणि जीव ओतून वाजवतात. या हौसेचं मला फार मोल वाटतं. म्हणूनच महिनाभर तयारी केलेला कार्यक्रम स्टेजवर विस्कटताना पाहिला की जिवाला लागतं.

विस्कटतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने. स्टेजवरच्या माणसांना एकमेकांचं धड ऐकू येत नसतं. गायकाला पेटी सापडत नाही, ढोलकीवाल्याला गायक सापडत नाही, आणि मग जो तो आपापलं वाजवत सुटतो. पुढच्या बहुतेक चुका तिथेच येऊन मिळतात.

बसून ठरवलेली पट्टी

प्रॅक्टिस सतरंजीवर बसून, चहा घेत, हळू आवाजात होते. तिथे काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी सा धरून, छान वाटलेलं गाणं स्टेजवर उभं राहून, ढोलकी आणि ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) यांच्या वर आवाज काढून म्हणायचं झालं की अंतऱ्यात गळा आवळतो. पट्टी ठरवताना मुखडा म्हणू नका. अंतऱ्यातली सगळ्यात उंच ओळ उभं राहून, पूर्ण आवाजात, लागोपाठ तीन वेळा म्हणा. तिसऱ्या वेळीही आवाज मोकळा लागला तर ती पट्टी तुमची. नाही लागला तर अर्धा किंवा एक स्वर खाली या. मूळ रेकॉर्डची पट्टी त्या गायकाच्या गळ्याची असते, ती धरून ठेवण्यात काही मोठेपणा नाही. युगुलगीतात तर ही परीक्षा दोघांनीही एकाच बैठकीत द्यावी. पुरुषाची खालची ओळ आणि बाईंची वरची ओळ दोन्ही जिथे ऐकू येतात, ती पट्टी धरा.

पट्टी ठरली की ती लिहा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण मला विचाराल तर सगळ्या तयारीत याच कागदाला सगळ्यात जास्त किंमत आहे. गाणं, पट्टी, कीबोर्डचा ट्रान्स्पोज, ठेका, सुरुवात कोण करणार आणि शेवट कसा, एवढे रकाने. आपल्याकडचे बरेच कीबोर्डवाले बोटं पांढरी एकचीच ठेवतात आणि ट्रान्स्पोजचं बटण दाबून पट्टी बदलतात. त्यात गैर काही नाही. काळी एकसाठी अधिक १, काळी दोनसाठी अधिक ३, पांढरी सातसाठी वजा १, काळी पाचसाठी वजा २. गोंधळ होतो तो आधीच्या गाण्याचा आकडा तसाच राहिला की. निवेदक बोलत असतानाच कीबोर्डवाल्याने स्क्रीनवरचा आकडा कागदाशी ताडून पाहायचा, आणि सुरुवातीचा षड्ज, म्हणजे सा, गायकाला हळूच देऊन ठेवायचा. गिटारवाल्याने शेजारच्या कीबोर्डवाल्याची बोटं पाहून कॉर्ड धरू नये. ती बोटं पांढरी एकची असतात, आवाज काळी दोनचा येत असतो. त्याने कॅपो (गिटारच्या मानेवर तारा दाबून धरणारा चिमटा) लावावा किंवा कागदावर आपल्या कॉर्ड वेगळ्या लिहाव्यात.

पेटी सोबत असेल तर आणखी एक गोष्ट पाहायची. कीबोर्ड आणि गिटारचा ट्यूनर कारखान्यातून ४४० हर्ट्झच्या धैवतावर लावून येतात. जुनी पेटी त्याहून थोडी वर किंवा खाली असू शकते, आणि स्टेजवर तिचे सूर फिरवता येत नाहीत. त्यामुळे पेटीने कीबोर्डला जुळवून घ्यावं ही अपेक्षा चुकीची आहे. कीबोर्डच्या मेनूत मास्टर ट्यूनिंग असतं, ते पेटीला लावा. मग गिटार, बासरी, तबला सगळे त्या एका सुरावर या. पेटी आणि कीबोर्ड दोन-तीन हर्ट्झने जरी वेगळे असले तरी लांब सुरात थरथर ऐकू येते, आणि बिचाऱ्या गायकाला वाटतं आपणच बेसूर होतोय.

गाण्यांचा क्रमही पट्टी पाहूनच लावा. काळी एकला लावलेला तबला काळी तीनच्या गाण्यात पंचम म्हणून चालतो, आणि चालीत मध्यम बसत असेल तर काळी चारलाही चालतो. अशी गाणी शेजारी ठेवली की तबलजीला दर गाण्याला हातोडी घेऊन बसावं लागत नाही. बासरीवाल्याचंही तसंच, त्याला प्रत्येक पट्टीला वेगळी बासरी उचलायची असते. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, ताणली जाऊन सूर चढतो, गणपतीतल्या ओलीत तो उतरतो. म्हणून तबला घरून लावून आणला तरी स्टेजवर पुन्हा लावायला दहा मिनिटं राखून ठेवा. गिटार दुपारी गाडीच्या डिकीत ठेवू नका, गोंद सुटतो आणि ब्रिज उचलला जातो.

आवाजाची चढाओढ

पहिल्या गाण्यानंतर मागून कुणीतरी ओरडतं, "ओ दादा, मागं ऐकूच येईना!" मग गायक साउंडवाल्याला खूण करतो, आवाज वाढतो. त्यात ढोलकी दबते, ती वाढते. गिटारवाला आपल्या ॲम्पची खुंटी फिरवतो. चौथ्या गाण्याला माईक शिट्टी मारतो. अशा वेळी पहिलं काम आवाज कमी करण्याचं. ऑक्टोपॅड, ढोलकी आणि बेस खाली आणले की गायकाचे शब्द आपोआप वर येतात, मिक्सरचा मास्टर, म्हणजे एकूण आवाज, वाढवावाच लागत नाही.

शिट्टीचं कारण सोपं आहे. स्पीकरमधून निघालेला आवाज माईकमध्ये शिरतो, मिक्सरमधून वाढून पुन्हा स्पीकरला जातो आणि हा फेरा सुरू राहतो. तो तोडायचा तर आधी मांडणी बघा, बटणं नंतर. मोठे स्पीकर माईकच्या रांगेच्या पुढे हवेत. गावाकडच्या छोट्या स्टेजवर ते बऱ्याचदा मागच्या पडद्याला टेकून ठेवलेले असतात. तसं असेल तर साउंडवाल्याशी गोडीने बोलून ते पुढे घ्यायला लावा, भाषणं सुरू व्हायच्या आत. नेहमीचा हाती धरायचा कार्डिऑइड माईक समोरून सगळ्यात जास्त घेतो आणि बरोबर पाठीमागून सगळ्यात कमी. म्हणून गायकाचा मॉनिटर, म्हणजे त्याला स्वतःला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर, माईकच्या पाठीकडे, म्हणजे गायकाच्या समोर जमिनीवर, तोंड त्याच्याकडे करून ठेवायचा. माईकची जाळी मुठीत धरली की तो चोहीकडून आवाज घ्यायला लागतो आणि लगेच किंचाळतो. हौशी गायकांची ही फार रुळलेली सवय आहे, प्रॅक्टिसमध्येच मोडा.

चालू माईकांची संख्या मोजा. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टी येण्याआधी मिळणारा आवाज सुमारे ३ डेसिबलने कमी होतो. कोरसचे चार माईक अख्खा कार्यक्रम उघडे ठेवले तर मुख्य गायकाचा आवाज तेवढाच खाली ठेवावा लागतो. ज्याचं काम नाही त्याचा माईक बंद. एवढं करूनही शिट्टी आली तर इक्वलायझरवर (जाड-बारीक आवाज वेगवेगळे कमी-जास्त करायची बटणं) तिचा पट्टा शोधून थोडा कापा. बारीक, कानात घुसणारी शिट्टी बहुधा २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असते, जाड हुंकार २०० ते ४०० हर्ट्झच्या आसपास.

आणि इको. आपल्याकडे इको जास्त म्हणजे गाणं भारी असा समज आहे. पत्र्याच्या मंगल कार्यालयात हॉलचाच घुमारा एवढा असतो की वर मशीनचा इको टाकला की शब्द वाहून जातात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मागची भिंत १७ मीटरवर असेल तर आपटून परत यायला दशांश सेकंद लागतो. ढोलकीवाला तो परत आलेला आवाज धरून वाजवायला लागला की ठेका ओढला जातो आणि गायक त्याच्यावर डोळे काढतो. ढोलकीवाल्याला त्याचा स्वतःचा मॉनिटर द्या, त्यात गायक आणि कीबोर्ड एवढेच आवाज द्या. साउंडचा एकच मॉनिटर मिळणार असेल तर तो गायक आणि ढोलकी यांच्यामध्ये ठेवा. कराओकेच्या ट्रॅकवर जिवंत ढोलकी घेत असाल तर वाजवणाऱ्याच्या कानात ट्रॅक थेट गेलाच पाहिजे. ते जमत नसेल तर ट्रॅक किंवा ढोलकी, एकच ठेवा.

कानांची काळजी कुणीच घेत नाही. अमेरिकेतल्या नायॉश या कामाच्या जागच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या मर्यादेप्रमाणे ८५ डेसिबल आठ तास चालतं, १०० डेसिबल मात्र जेमतेम पंधरा मिनिटं. कार्यक्रमानंतर कानात शीळ वाजत राहिली तर तो साधा थकवा समजू नका. फोमचे इअरप्लग मेडिकलमध्ये मिळतात.

घूं आवाज आणि शॉक

कीबोर्ड जोडला की स्पीकरमधून घूं सुरू होतं. बहुतेक वेळा कीबोर्डची वीज स्टेजमागच्या बोर्डवरून आणि मिक्सरची वीज हॉलच्या टोकाच्या बोर्डवरून घेतलेली असते. दोन जागांच्या अर्थिंगमध्ये फरक पडतो आणि आपली ५० हर्ट्झची वीज आवाजात उतरते. सगळा साउंड आणि वाद्यं एकाच लाइनवरून घ्या. तरीही राहिलं तर कीबोर्ड आणि मिक्सरच्या मधे डीआय बॉक्स (सिग्नल जुळवणारी छोटी डबी) घाला आणि त्याचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे आवाजाच्या केबलमधला अर्थचा जोड तोडणारं, बटण दाबून पाहा.

घूं जावं म्हणून प्लगची जाडी, अर्थची पिन कधीही काढू नका. मी मंडपांत ही युक्ती सर्रास होताना पाहिली आहे आणि दर वेळी पोटात गोळा येतो. गिटारच्या तारा आणि माईकची जाळी यांत विजेचा फरक राहिला तर वाजवता वाजवता ओठ माईकला लागले की झटका बसतो, आणि तो जिवावरही बेतू शकतो. उन्हाळ्यात आपली जमीन इतकी कोरडी असते की शाळा आणि समाजमंदिरांचं अर्थिंग नावालाच उरतं. जनरेटर तर अनेकदा अर्थिंगशिवायच चालू असतो. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक माईकच्या जाळीला, दुसरं गिटारच्या तारेला. काटा हलला किंवा पाच-दहाच्या वर आकडा दिसला तर वायरमनला बोलवा आणि तोवर कुणालाही माईकजवळ जाऊ देऊ नका.

लाईट जाणार हे धरूनच चला. लाईट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत कीबोर्ड बंद पडतो आणि पुन्हा चालू झाल्यावर ट्रान्स्पोज, टोन, स्टाइल सगळं मूळ पदावर येतं. गाण्यागणिक सेटिंग रजिस्ट्रेशन मेमरीत साठवून ठेवलं तर एका बटणात परत मिळतं. कीबोर्ड आणि मिक्सरपुरता छोटा यूपीएस नेला तर जनरेटरचा पहिला झटकाही त्यावर निभावतो. तोवर निवेदकाकडे लाईटशिवाय म्हणता येईल असं एक गाणं तयार असावं, पेटी, तबला आणि उघडा गळा.

रात्रीचे दहा

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो बंद ठेवायचा असतो. सणासुदीला राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. त्या दिवसांत तुमचा दिवस आहे का, हे मंडळाला आधी विचारा. साडेसातचा कार्यक्रम पाहुण्यांचे सत्कार आणि मनोगतं होऊन नऊला सुरू होतो हे आपल्याला नवीन नाही. त्यामुळे दोन याद्या ठेवा, एक अडीच तासांची आणि एक पन्नास मिनिटांची. सगळ्यात चांगली बसलेली गाणी दोन्हीत पहिल्या पाचांत हवीत. शेवटासाठी राखून ठेवलेलं गाणं पोलिसांच्या गाडीमुळे राहून जातं आणि ज्याने महिनाभर ते घोटलं तो हिरमुसतो.

गाण्यांच्या हक्काबद्दलही माहीत असू द्या. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळाने पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांपुढे किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी गाणी सादर केली तर सूट आहे. धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी नसलेल्या कार्यक्रमाला तिकीट लावलं की ही सूट संपते आणि गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या आयपीआरएससारख्या संस्थेचा परवाना आयोजकाने घ्यायचा असतो. विकतच्या ट्रॅकवर गाणार असाल तर रेकॉर्डिंगचे हक्क वेगळे असतात, तेही विचारून घ्या.

शेवट न ठरवलेली गाणी

प्रॅक्टिसला वेळ कमी असेल तर मधले अंतरे सोडा आणि प्रत्येक गाण्याची सुरुवात आणि शेवट तेवढे घ्या. मधे थोडं चुकलं तर खपतं. पण मुखडा किती वेळा म्हणून थांबायचं हे ठरलं नसेल तर पाच माणसं पाच ठिकाणी थांबतात. ढोलकीवाल्याने तिहाई (एकच बोल तीनदा वाजवून समेवर संपवणं) घ्यायची की गायकाच्या हाताच्या खुणेवर तोडायचं, हे त्या कागदाच्या शेवटच्या रकान्यात असलंच पाहिजे. प्रॅक्टिस मोबाइलवर रेकॉर्ड करा, फोन ढोलकीपासून लांब ठेवून, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून ऐका. स्वतःचं वाजवणं सोडून शेजाऱ्याचं ऐका, ग्रुप त्यानेच सुधारतो.

पैशांचं बोलणं गाडीत बसल्यावर करू नका. मानधन मिळणार आहे का, साउंड कुणाचा, औंढ्याला किंवा अंबाजोगाईला जायचं तर पेट्रोल आणि जेवण कोण देणार, ढोलकीवाला बाहेरून बोलावला असेल तर त्याचे किती, हे कार्यक्रम घ्यायच्या आधीच ग्रुपमध्ये लिहून टाका. मिळालेल्या पैशातून आधी केबल, पिना आणि पुडीचा खर्च काढा, उरलेले वाटा.