जुनी वॉलेट फाइल उघडण्याआधी करायची तयारी

जुन्या हार्ड डिस्कवर 'वॉलेट डॉट डॅट' नावाची फाइल सापडते. ती घाईघाईने नव्या लॅपटॉपवरच्या बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या मूळ वॉलेट प्रोग्रॅममध्ये टाकली जाते आणि पडद्यावर शिल्लक शून्य दिसते. खरं नुकसान बहुतेक वेळा यानंतरच्या तासाभरात होतं: फाइलवर मिळेल ते दुरुस्तीचं सॉफ्टवेअर चालवलं जातं, मूळ फाइलवरच नवी फाइल चढते, किंवा कुणा अनोळखी 'तज्ज्ञा'ला ती ईमेलने जाते. म्हणून आधी एक गोष्ट मनात पक्की करा. पैसे त्या फाइलमध्ये नसतात. ते ब्लॉकचेनवर, म्हणजे बिटकॉइनच्या सगळ्या व्यवहारांच्या सार्वजनिक खातेवहीत, नोंदलेले असतात आणि फाइलमध्ये ते खर्च करायच्या किल्ल्या असतात. त्यामुळे शोधायच्या गोष्टी दोनच: ब्लॉकचेनवर तुमचे पैसे आज कुठल्या पत्त्यावर आहेत, आणि त्या पत्त्याची किल्ली तुमच्याकडच्या एखाद्या प्रतीत आहे का. पुढची सगळी तयारी या दोन प्रश्नांसाठी आहे.

सुरुवात प्रतींपासून करा. फाइल चुकून पुसली गेली असेल, तर ती डिस्क असलेला संगणक ताबडतोब बंद करा आणि पुन्हा त्यावरून सुरू करू नका. एसएसडी असेल तर घाई आणखी मोठी, कारण ट्रिम नावाची सोय पुसलेली जागा मागच्या मागे खरोखर रिकामी करत असते. जुन्या फिरत्या डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर घरी प्रयोग न करता ती डेटा रिकव्हरी करणाऱ्या प्रयोगशाळेतच न्या. डिस्क ठणठणीत असेल, तर फक्त ती एक फाइल उचलू नका, अख्खा फोल्डर घ्या. विंडोजवर तो ॲपडेटामधल्या रोमिंगमध्ये 'बिटकॉइन' नावाने असतो, मॅकवर लायब्ररीतल्या ॲप्लिकेशन सपोर्टमध्ये, तर लिनक्सवर होम फोल्डरात टिंबाने सुरू होणारा लपलेला फोल्डर असतो. त्यात 'डेटाबेस' नावाचा उपफोल्डर दिसला तर तोही हवाच. जुन्या आवृत्त्या शेवटच्या काही नोंदी आधी तिथल्या लॉग फाइलींमध्ये ठेवत, आणि प्रोग्रॅम नीट बंद न होता प्रत घेतली गेली असेल तर त्या नोंदी मुख्य फाइलमध्ये पोचलेल्याच नसतात. ब्लॉकचा प्रचंड साठा मात्र सोडून दिला तरी चालतो, तो पुन्हा उतरवून घेता येतो. दोन वेगळ्या पेन ड्राइव्हवर प्रती करा, प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा, फाइल जराही बदलली की तो बदलतो) काढून कागदावर लिहा आणि मूळ डिस्क कपाटात ठेवून द्या. इथून पुढे जे काही उघडायचं ते तिसऱ्या, कामाच्या प्रतीवर.

एक प्रत मिळाली म्हणून थांबू नका. जुना फोन, सीडी, ईमेलला जोडलेली फाइल, क्लाउडवरचं खातं, मित्राकडे ठेवायला दिलेली डिस्क, जिथे जिथे बॅकअप असू शकतो तिथून प्रत गोळा करा आणि तिच्या तारखेसह नोंद ठेवा. याचं कारण बिटकॉइनच्या मूळ रचनेत आहे आणि 'गायब' झालेल्या शिलकीच्या बऱ्याच प्रकरणांची मेख इथेच सापडते.

पाचशेची नोट देऊन किराणा दुकानातून ऐंशी रुपयांचं सामान घेतलं, की नोट पूर्ण जाते आणि सुटे परत येतात. बिटकॉइनचंही तसंच. एखाद्या पत्त्यावर ५ बिटकॉइन एकगठ्ठा आले असतील आणि तुम्ही अर्धा बिटकॉइन पाठवला, तर पाचही खर्च होतात आणि उरलेले साडेचार सुट्यांसारखे तुमच्याकडे परततात. पण ते जुन्या पत्त्यावर येत नाहीत, वॉलेट स्वतःच बनवलेल्या एका नव्या पत्त्यावर ते घेतं. त्या नव्या पत्त्याची किल्ली तुमच्या बॅकअपमध्ये नसेल तर तो बॅकअप साडेचार बिटकॉइनच्या दृष्टीने रिकामा. ऑगस्ट २०१० मध्ये एका वापरकर्त्याचं हेच झालं. त्याने ९,००० बिटकॉइनच्या वॉलेटमधून १ बिटकॉइन स्वतःलाच पाठवला आणि उरलेल्या ८,९९९ ची किल्ली त्याच्या बॅकअपमध्ये आलीच नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या आवृत्तीत राखीव किल्ल्यांची सोय झाली. वॉलेट १०० किल्ल्या आगाऊ बनवून ठेवू लागलं, म्हणजे बॅकअप घेतल्यानंतरच्या साधारण शंभर नव्या पत्त्यांपर्यंत तो उपयोगी राहू लागला. २०१६ च्या ०.१३ आवृत्तीपासून नव्या वॉलेटांमध्ये सगळ्या किल्ल्या एकाच बीजातून, म्हणजे एका मूळ गुप्त आकड्यातून, निघू लागल्या आणि बॅकअप असा जुना होण्याची भीती बरीच कमी झाली. पण त्याआधी बनवलेलं वॉलेट नव्या प्रोग्रॅममध्ये उघडलं म्हणून आपोआप नव्या पद्धतीचं होत नाही. तुमची फाइल २०११ किंवा २०१३ ची असेल तर तिला जुनाच नियम लागू आहे.

पासवर्डचाही इथे एक पेच आहे. वॉलेटला पहिल्यांदा पासवर्ड लावला, की कोअर आधीच्या राखीव किल्ल्या बाद करून नव्या बनवतं. म्हणून पासवर्ड लावण्याआधीचा बॅकअप नंतरच्या पैशांसाठी निरुपयोगी ठरू शकतो. याची दुसरी बाजू मात्र फार मोलाची आहे. पासवर्ड विसरला असेल आणि तो लावण्याआधीची एखादी जुनी प्रत सापडली, तर तेव्हाच्या पत्त्यांच्या किल्ल्या त्या प्रतीत उघड्या असतात. ज्या पत्त्यांवरचे पैसे तेव्हापासून हललेले नाहीत ते पासवर्डशिवाय मिळतात. म्हणूनच प्रत्येक प्रत जपायची, कितीही जुनी असली तरी.

आता फाइल नेमकी कसली आहे हे बघून घ्या. कामाची प्रत हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडा, बदल काहीच करू नका. सुरुवातीलाच 'एसक्यूलाइट फॉरमॅट ३' असे शब्द वाचता आले तर ते नव्या पद्धतीचं, २०२१ नंतरचं वॉलेट. पहिले बारा बाइट सोडून लगेच ६२ ३१ ०५ ०० हे आकडे दिसले तर ती बर्कली डीबी या डेटाबेसची, जुन्या पद्धतीची फाइल. अख्खी फाइल शून्यांनी भरलेली असेल तर त्या प्रतीत काही उरलेलं नाही, दुसरी शोधा. मग जुन्या फाइलमध्ये एम-के-ई-वाय ही चार रोमन अक्षरं शोधा. ती सापडली तर वॉलेटला पासवर्ड आहे. आणखी एक गोष्ट तपासायचीच: लाइटकॉइन, डोजकॉइन आणि डॅश या दुसऱ्या चलनांच्याही फाइलचं नाव तेच असतं. फाइलमधले पत्ते डी ने सुरू होत असतील तर ती डोजकॉइनची, एल ने असतील तर लाइटकॉइनची, एक्स ने असतील तर डॅशची. अशी फाइल बिटकॉइन कोअरमध्ये टाकून शिल्लक शोधत बसणारे लोक खरोखर आहेत.

पुढचं काम कागद-पेनाचं. जुने ईमेल, एक्स्चेंजवरून पैसे काढल्याच्या नोंदी, कुणाला पाठवलेला पत्ता, यांतून तुमचे बिटकॉइनचे पत्ते जमवा आणि ब्लॉक एक्स्प्लोररवर (पत्त्यावरचे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) एकेक पाहा. पत्ता टाकल्याने पैशाला धोका नाही, फक्त तो पत्ता तुम्ही पाहिलात हे त्या संकेतस्थळाला कळतं. पत्त्यावर शिल्लक दिसली तर प्रश्न वॉलेटचा आहे, पैशाचा नाही. शिल्लक शून्य असेल तर शेवटचा व्यवहार उघडा आणि पैसे कुठल्या दोन पत्त्यांवर गेले ते बघा. त्यांतला एक बहुतेक तुम्ही ज्याला दिलेत त्याचा आणि दुसरा तुमच्या सुट्यांचा. सुट्यांचा पत्ता कुठल्या प्रतीत आहे, हाच मग शोधाचा विषय.

फार जणांना माहीत नसलेली एक सोय: पासवर्ड आठवत नसला तरी शिल्लक बघता येते. कोअरच्या फाइलमध्ये फक्त खासगी किल्ल्या कुलूपबंद असतात, पत्ते आणि व्यवहार उघडे असतात. त्यामुळे शिल्लक शून्य दिसतेय म्हणून पासवर्डामागे लागू नका, तो पैसे पाठवताना लागतो.

शिल्लक न दिसण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे कोअर अजून ब्लॉकचेन उतरवत असतं. तळाशी 'इतकी वर्षं मागे' असं लिहिलेलं असताना २०१७ चा व्यवहार त्याला दिसणार कसा? पूर्ण साठा ६०० जीबीच्या वर गेला आहे, म्हणून १ टीबीची मोकळी एसएसडी, कित्येक दिवस चालणारं इंटरनेट आणि यूपीएस हाताशी ठेवा. मध्येच वीज गेली आणि डेटाबेस बिघडला तर काम पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागू शकतं. जागा वाचवण्यासाठी प्रूनिंग चालू केलंत तर जुने ब्लॉक टाकून दिले जातात आणि जुनं वॉलेट त्यांतून स्वतःचे व्यवहार शोधूच शकत नाही. तेवढी डिस्क नसेल आणि पत्ते हाती असतील, तर प्रून केलेल्या पण अद्ययावत नोडवरही (कोअर चालवणाऱ्या संगणकावरही) 'स्कॅन-टीएक्स-आउट-सेट' ही आज्ञा त्या पत्त्यांवर आज काय शिल्लक आहे ते सांगते. आणि वॉलेटमधला एखादा जुना व्यवहार कधीच पक्का न होता अडकला असेल, तरीही शिल्लक कमी दिसते. तो 'अबँडन' केला, म्हणजे वॉलेटला तो सोडून द्यायला सांगितलं, की रक्कम परत दिसू लागते.

आवृत्तीची निवड सहज घेऊ नका. बिटकॉइन कोअरच्या ३० व्या आवृत्तीत बर्कली डीबीची जुनी वॉलेटं उघडत नाहीत, त्यांचं नव्या पद्धतीत रूपांतर करावं लागतं, आणि कुलूपबंद वॉलेटच्या रूपांतराला पासवर्ड लागतो. पासवर्ड आठवत नसेल तर २९ किंवा त्याआधीची आवृत्ती घ्या. ती प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा आणि तिची डिजिटल सही तपासा. फाइलऐवजी बारा किंवा चोवीस शब्दांचा कागद (ज्या शब्दांतून वॉलेटच्या सगळ्या किल्ल्या पुन्हा काढता येतात) हाती असेल तर वाट वेगळी आहे. शब्द बरोबर असूनही शिल्लक शून्य दिसली, तर पत्त्याचा प्रकार बदलून पाहा (१ ने, ३ ने, बीसी१क्यू ने किंवा बीसी१पी ने सुरू होणारे पत्ते त्याच शब्दांतून वेगवेगळ्या मार्गांनी निघतात), शब्दांना जोडलेला वेगळा पासफ्रेज होता का ते आठवा, आणि इलेक्ट्रम या दुसऱ्या वॉलेट प्रोग्रॅमने दिलेले शब्द इलेक्ट्रममध्येच टाका.

पासवर्ड खरोखरच विसरला असेल तर वहीचं एक पान त्यासाठी राखून ठेवा. सॅन फ्रान्सिस्कोतले प्रोग्रॅमर स्टीफन थॉमस यांचे ७,००२ बिटकॉइन ज्या आयर्नकी या पासवर्डने कुलूपबंद होणाऱ्या ड्राइव्हमागे अडकले, तो दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर कायमचा बंद होतो. तुमच्या फाइलला अशी मर्यादा नाही. पण प्रत्येक प्रयत्न मुद्दाम संथ ठेवलेला असतो, हजारो वेळा हॅश काढल्यावरच तो पासवर्ड तपासला जातो. म्हणून अंदाधुंद लांब पासवर्ड शोधण्याची आशा धरू नका, अर्धवट आठवणारा मात्र अनेकदा शोधता येतो. त्या वर्षांत तुम्ही वापरत होतात ते सगळे पासवर्ड लिहा, मग त्यांचे तुकडे: घरातल्यांची नावं, गावाचं नाव, गाडीचा नंबर, जन्मसाल, शेवटी लावायची सवय असलेली चिन्हं. आपल्याकडच्या शब्दांचं रोमन स्पेलिंग एकच नसतं, हे इथे फार कामाला येतं. श्री एका आय ने किंवा दोन ई नी, गणपतीत मधला ए आहे किंवा नाही, विठ्ठलमध्ये एच एकदा की दोनदा, कृष्णचा शेवट ए ने की त्याविना. प्रत्येक रूप वेगळं लिहा, पहिलं अक्षर मोठं आणि लहान असं दोन्ही. बीटीसीरिकव्हर किंवा हॅशकॅट ही मोफत साधनं अशी यादी घेऊन लाखो जोड्या करून पाहतात. मदत घ्यावीच लागली तर अख्खी फाइल देऊ नका. बिटकॉइनटूजॉन ही स्क्रिप्ट पासवर्ड शोधण्यापुरता तुकडा फाइलमधून वेगळा काढते. त्या तुकड्यावरून पासवर्ड सापडला तरी, फाइल हाती नसल्याने, पैसे हलवता येत नाहीत.

आधी फी मागणारे, लाभ दाखवणारे स्क्रीनशॉट पाठवणारे, 'फक्त शब्द द्या, आम्ही बघतो' म्हणणारे, या सगळ्यांपासून दूर राहा. फसवणूक झालीच तर त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

शेवटची तयारी पैसे उतरवून घ्यायच्या जागेची. नवं वॉलेट आधी बनवा, त्याचे शब्द कागदावर लिहा, त्या शब्दांवरून ते पुन्हा उभं करून पाहा, आणि मगच जुन्या वॉलेटचं कुलूप पासवर्ड टाकून उघडा. थोडीशी रक्कम पाठवून ती पोचल्याची खात्री झाली की बाकीची पाठवा. स्वतःच्याच दुसऱ्या वॉलेटमध्ये पाठवणं म्हणजे विक्री नव्हे. पण पुढे विकाल तेव्हा नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि त्यातून वजा होतो तो फक्त खरेदीचा खर्च, म्हणून तेव्हाच्या बँक नोंदी आणि एक्स्चेंजच्या पावत्या आत्ताच एकत्र करून ठेवा. जुनी फाइल मात्र रिकामी झाली तरी पुसू नका. १ ऑगस्ट २०१७ च्या आधीपासून त्या पत्त्यांवर बिटकॉइन असतील तर तेवढेच बिटकॉइन कॅशही (त्या दिवशी बिटकॉइनमधून फुटून निघालेलं वेगळं चलन) त्याच किल्ल्यांवर आहेत. ते काढण्याचं काम बिटकॉइन सुरक्षित हलवून झाल्यावर, वेगळ्या संगणकावर करा.